कंपाउंडरची पोथी

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती काही दिवस आमच्याकडे जालन्यात मस्तगडला राहायला आली. यायला तयार नव्हती. लेकीच्या घरी पाहुणीसारखं हातावर हात ठेवून बसणं तिला जमत नाही. पण मंठ्याच्या पुढे असलेल्या आमच्या गावात धूर आणि धूळ या दोन गोष्टींना तोटा नाही, आणि डॉक्टरांनी नेमकं या दोन्हींपासून लांब राहायला सांगितलं होतं. तेव्हा काळा चष्मा लावून ती आमच्या गॅलरीत बसायची आणि खालून जाणाऱ्या माणसांबद्दल मतं द्यायची. माणूस तिला नीट दिसत नव्हता, पण त्यामुळे तिच्या मताचं काही अडत नव्हतं.

तिची ही खोड माझ्यातही उतरली आहे. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. धड्यातल्या माणसाचे स्वभावविशेष लिहा, असा प्रश्न दरवर्षी असतो. मुलं प्रामाणिक, कष्टाळू, स्वाभिमानी असं काहीबाही लिहितात आणि मी बरोबरच्या खुणा करत जाते. इतकी वर्षं हे केल्यावर खऱ्या माणसांनाही आपण तसेच मार्क देऊन मोकळे होतो.

आईला येऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो पुण्याला नोकरीला असतो. काका वारल्यापासून गावातल्या घरात काकू एकटी राहायची, आणि आता तो तिला कायमची पुण्याला घेऊन चालला होता. घर विकायचं ठरलं होतं. पौषात बिऱ्हाड हलवत नाहीत, म्हणून महिना सरला की निघणार होते. जाताना गाडी जालन्यावरूनच जाणार, तर काकूला आईला भेटायचं आहे, पाच मिनिटं का होईना, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "मोठी माय येऊ देईल का?"

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. ती म्हणाली, "तिकडचीला म्हणावं, पुण्याला सुखानं जाय."

तिकडची म्हणजे काकू. वडील गेले त्या दिवसापासून आईने तिला दुसऱ्या कुठल्या शब्दाने हाक मारलेली नाही.

वडील पहाटे गेले होते. माझा भाऊ तेव्हा हैदराबादला होता, आणि तो पोहोचल्याशिवाय उचलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. त्याला यायला दिवस मावळला. आमच्याकडे मयत घरात असेपर्यंत भावकीत चूल पेटवत नाहीत. घरोघरी गॅस आला तरी शब्द चुलीचाच राहिला आणि नियमही तोच राहिला. लहान लेकरांना शेजारी नेऊन खाऊ घालतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कुणी चहा आणून देतं. बाकीच्यांनी माणसं स्मशानातून परत येऊन आंघोळी होईपर्यंत उपाशी राहायचं. मग शेजाऱ्यांकडून नाहीतर सोयऱ्यांकडून पिठलं-भाकरी येते. तिला कडू भाकरी म्हणतात आणि कुणी ती पोटभर खात नाही, निदान खाल्ल्यासारखं दाखवत नाही.

आमचं घर आणि काकांचं घर हे एकाच घराचे दोन भाग आहेत, मध्ये एक सामाईक भिंत. दुपार कलली होती. बायका वडिलांभोवती बसून होत्या, रडून दमल्या होत्या, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून फोडणी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ लसणाचा वास आला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आई सकाळपासून नुसती बसून होती, तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ही बाई परत माझ्या उंबऱ्यात दिसली न्हाई पाहिजे."

दिसली नाही. दहाव्याला काकू ओट्यापर्यंत आली आणि आईने दार लोटून घेतलं. या दोघी त्याआधी एकमेकींवाचून पाणी प्यायच्या नाहीत. काकू सून म्हणून आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा थापता यायची नाही, ती आईने शिकवली. बाळंतपणं एकमेकींची केली. ते सगळं एका फोडणीत गेलं. भावकीने काकूसाठी कारणं शोधून पाहिली. पोराचा पेपर होता म्हणावं, तिला शुगर आहे म्हणावं, काकांनीच करायला लावलं असेल. काकू स्वतः मात्र कधी काही बोलली नाही. मीही तिला तेव्हाच नापास करून टाकलं होतं. सख्ख्या दिराचं प्रेत पलीकडे असताना जिला जेवण सुचतं, तिच्याबद्दल आणखी काय विचार करायचा?

त्या फोननंतर आई दोन दिवस घुश्शातच होती. टीव्हीला बंदी, पोथी वाचायला बंदी, आणि गॅलरीतून दिसणाऱ्या माणसांवर तिने इतकं तोंडसुख घेतलं की एखाद्याने वर मान करून ऐकलं असतं तर भांडण झालं असतं. तिला गप्प बसवायचं म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून स्वतःसाठी आणलेली एक कादंबरी तिला मोठ्याने वाचून दाखवायला घेतली.

आता आईची वाचनाची कल्पना मला आधीच ध्यानात यायला हवी होती. गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लावतात. एक जण ओव्या वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. बायका वाती वळत ऐकतात. चांगला माणूस कोण आणि वाईट कोण हे पहिल्या दिवशी कळतं, शेवटच्या अध्यायात ज्याचं त्याला फळ मिळतं, आणि समाप्तीला पुरणाचा स्वयंपाक होतो. आईने उभ्या जन्मात पुस्तक ऐकलं ते असंच. म्हणून मी वाचायला बसले तेव्हा ती आधी हातपाय धुऊन आली. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात तिने पुस्तकाच्या कव्हरवर हळद-कुंकू वाहिलं. ते डाग अजून आहेत. ग्रंथपालांना मी भाजीचे आहेत असं सांगितलं.

पहिलं प्रकरण संपलं तशी ती म्हणाली, "आता अर्थ सांग."

मी म्हटलं, हिला अर्थ नसतो. जे वाचलं तेच. तिला ते बिलकुल पटलं नाही. अर्थ सांगायला माणूस लागतो आणि तू मास्तरीण असून तुला तो येत नाही, असं तिने सरळ ऐकवलं.

कादंबरी एका कंपाउंडरची होती. आडगावातला दवाखाना, डॉक्टर महिना महिना फिरकत नाही, आणि सगळा कारभार या माणसाच्या हातात. बोलायला गोड, कामाला चोख. आईला तो लगेच आवडला. मग एके दिवशी साप चावलेली दोन माणसं एकाच वेळी दवाखान्यात येतात. एक त्याची सख्खी बहीण आणि दुसरा एक मजूर. मजुराची अवस्था जास्त वाईट. लशीची एकच मात्रा उरलेली असते. तो ती बहिणीला देतो आणि मजुराच्या बायकोला सांगतो की तुम्ही उशीर केलात, घंटाभर आधी आणायला पाहिजे होतं. मजूर मरतो. बहीण वाचते. लेखक पुढे सहज लिहून जातो की बहिणीला चावलेला साप बहुतेक बिनविषारी होता.

आईने मला तिथेच थांबवलं. त्या कंपाउंडरचा तिने असा उद्धार केला की मी इथे लिहू शकत नाही. लस दिली ती दिली, पण त्या बाईच्या डोक्यावर उशिराचं खापर फोडलं, याची तिला जास्त चीड आली. हे पुस्तक बंद कर म्हणाली. मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पाहते तर ती हातपाय धुऊन गॅलरीत बसलेली. "वाच," म्हणाली. "त्याला काय फळ मिळतं ते तरी बघू."

फळ काही लवकर मिळेना. उलट तो माणूस त्या विधवेचं करत राहिला. गावाने तिची झोपडी उठवायला काढली तेव्हा तो सगळ्या गावाशी एकटा भांडला. तिला दवाखान्यात झाडलोटीचं काम लावून दिलं. तिच्या पोरीचं लग्न त्याने पुढे होऊन केलं. स्वतः मात्र लग्न केलं नाही. हे तो पापाच्या भीतीने करतो, की त्याचा त्या बाईवर जीव जडला आहे, की मुळात तो चांगलाच माणूस आहे आणि त्याच्या हातून एकदाच तसं घडलं, हे लेखकाने कुठेही सांगितलं नव्हतं. खरं मात्र त्याने तिला कधी सांगितलं नाही. ती बाई आयुष्यभर आपण उशीर केला याच समजुतीत राहिली.

मी वाचताना हळूहळू चिडत गेले. मला तो माणूस ढोंगी वाटायला लागला होता. आईचं उलट होत चाललं होतं. आधी ती त्याला 'मेला' म्हणायची, मग 'तो' म्हणायला लागली, आणि पुढे एकदा तो आजारी पडतो तिथे मी थांबले तर म्हणाली, "काई खाल्लं का त्यानं?" मला हसू आलं. तिचं लक्ष नव्हतं.

एका दुपारी आमचं त्याच्यावरून चांगलंच वाजलं. मी म्हटलं, या माणसाने खोटं बोलून एका बाईचा जन्म जाळला, आणि वर तिचा उपकारकर्ता म्हणून मिरवतो आहे. आई म्हणाली, बहीण होती त्याची. समोर बहीण पडलेली असताना कोण तोलूनमापून बघत बसतं? मी म्हटलं, मग खरं सांगायचं. ती म्हणाली, "कवा सांगायचं? दुसऱ्या दिशी? तिसऱ्या दिशी? दिस गेला की सांगायचं राहूनच जातं, बाई. तू तिथं होतीस का?"

कॉलेजात मला असा प्रश्न कोणी विचारत नाही. मला राग आला आणि रागातच मी बोलून गेले, की पुस्तकातल्या माणूस मारणाऱ्या कंपाउंडरची एवढी कड घेतेस, आणि काकूने तर नुसती फोडणी दिली होती.

आई म्हणाली, "पुस्तकातला माणूस आपल्या भिंतीपल्याड ऱ्हात न्हाई."

ती उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक काढू दिलं नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मलाही जरा बरंच वाटलं, कारण मी उरलेली पानं आधीच वाचून ठेवली होती आणि शेवट आईला आवडणार नाही हे मला माहीत होतं. पण ती पोथी अर्धी टाकणाऱ्यातली नाही. अध्याय अर्धवट राहिला तर घराला बरं नसतं, असं म्हणत तिसऱ्या दिवशी तिनेच पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं. किती पानं राहिली ते विचारलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन हरभऱ्याची डाळ भिजत घातली. उद्या समाप्ती आहे, म्हणाली. कादंबरीची समाप्ती करत नाहीत असं मी सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

शेवट असा होता. कंपाउंडर रिटायर होतो, गाव त्याचा सत्कार करतं. हार घालायला त्या विधवेलाच पुढे बोलावतात. ती हार घेऊन येते आणि तो मान खाली वाकवतो. संपलं.

आई वाट पाहत राहिली. मी पुस्तक मिटलं तरी तिची मान तशीच पुढे होती.

"मंग? फळ?"

फळ नाही, मी म्हटलं. लेखकाने इथेच सोडलं आहे.

तिला आधी खरं वाटलं नाही. शेवटचं पान फाटलं असेल अशी तिची शंका होती, म्हणून तिने पुस्तक हातात घेऊन बोटाने मागचा पुठ्ठा चाचपून पाहिला. मग ती लेखकावर घसरली. सगळं एवढं रचायचं आणि न्याय करायची वेळ आली की उठून जायचं, हा कसला माणूस, असं तिचं म्हणणं होतं. फळ नाही तर समाप्तीही नाही, तिने जाहीर केलं. भिजलेल्या डाळीचे मी रात्री वडे केले. ती ते न बोलता खात होती आणि मला वाटलं, विषय संपला.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "इतक्या वर्सांत त्याला कुणी इचारलंच न्हाई."

काय विचारलं नाही, मी म्हटलं.

"हेच, की बाबा, त्या दिशी काय झालं. त्या बाईनं न्हाई, बहिणीनं न्हाई, गावानं न्हाई. इचारलं असतं तं बोलला असता की. न्हाई तं न्हाई बोलला. पण इचारायचं तरी." मग कपातला चहा संपवून तिने चष्मा नाकावर नीट बसवला. "त्या पोराला फोन लाव. म्हणावं, यायचं तं या."

मी फोन लावला. चुलतभाऊ पुन्हा पुन्हा विचारत राहिला, की मोठी माय स्वतः म्हणाली का, बराबर ऐकलं ना, ऐन वेळी काही होणार नाही ना. मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. आईने विचारायचं ठरवलं होतं. माफ करायचं ठरवलं आहे असं ती कुठेच म्हणाली नव्हती. काकूने काय उत्तर दिलं म्हणजे आईला चालेल, हे मला सुचेना. पोराचा पेपर म्हणाली तर चालेल का? शुगर म्हणाली तर? मला वाटत होतं की काकूने काहीतरी बरं कारण घेऊन यावं, आणि ते खोटं असलं तरी चालेल.

पौष संपल्यावर ते आले. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, हे दोघं मागून गाडीने. काकू पहिल्यापेक्षा निम्मी झाली होती. ती जिना चढून आली आणि दाराच्या बाहेरच थांबली. आईने आतून "ये" म्हटल्यावर उंबरा ओलांडला. खुर्चीच्या कडेवर बसली. मी पाणी दिलं. डोळ्याचं कसं काय, गुडघ्याचं कसं काय, पुण्याचं घर कितव्या मजल्यावर आहे, असं काही वेळ चाललं. दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या, आणि पूर्वी भिंतीच्या दोन बाजूंनी बोलायच्या तशी त्यांना त्याची सवय असल्यासारखं दिसत होतं.

मग आईने विचारलं, "त्या दिशी चूल कामून पेटवल्ती?"

चुलतभावाने लगेच तोंड उघडलं. काकूला शुगर होती, तेव्हा गोळ्या चालू होत्या, असं काहीतरी तो सांगायला लागला. काकूने त्याला हाताने थांबवलं. शुगर नंतर निघाली, म्हणाली. मग त्याने आपल्या पेपरचं काढलं. काकू म्हणाली, पेपर दुसऱ्या दिवशी होता, आणि तू तर तेव्हा शेजारी जेवून आल्ता.

मग ती पहिल्यांदाच आईकडे बघून म्हणाली, "भूक लागल्ती, आक्का. दुसरं काई न्हाई. सहनच होईना. वरण केलं अन् उभ्या उभ्या खाल्लं."

मला वाटलं, आता झालं. इतकी वर्षं भावकीने शोधलेल्या सगळ्या कारणांपेक्षा हे कारण वाईट होतं. चुलतभाऊ जमिनीकडे बघत होता. मी आईकडे बघायचं टाळलं, पण तिचा आवाज आला तो खालचा होता, मला नीट ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"मलाबी लागल्ती," आई म्हणाली.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माझा माणूस समोर निजलेला. अन् तुझ्या फोडणीचा वास आला तसं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघून राह्यल्या होत्या. मला वाटलं, त्यांना दिसलं."

काकू खुर्चीवरून उठली आणि खाली, आईच्या पायाशी फरशीवर बसली. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला नाही की ती रडली नाही. नुसती जवळ बसली आणि थोड्या वेळाने, जरा रागावल्यासारखी म्हणाली, "मंग भिंतीवर थाप मारायची व्हती, आक्का. मागच्या दारानं ताट आणून दिलं असतं."

तेव्हा आई रडली. वडील गेल्यावर मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हा, पहिल्यांदा.